गंधाने चिकटवलेला कौल

"दिवसातून किती वेळा?" मी विचारलं.

डॉक्टर केणीबाईंनी समोरच्या कागदावर माझ्या पोटाचं चित्र काढलं होतं. आतडं आता कुठे आहे आणि ऑपरेशननंतर कुठे जाईल, ते बाणांनी दाखवलं होतं. पेन बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "खरं सांगते, गुरवकाका. सुरुवातीला सहा, आठ. एखाद्या दिवशी दहासुद्धा. आणि लागली म्हणजे लागली, दाबून धरता येईलच असं नाही. वर्षभरात बऱ्याच जणांचं चार-पाचवर येतं. काहींचं येत नाही."

"दहा!" मी म्हटलं आणि मला हसूच फुटलं.

शेजारी बसलेल्या सुलोचनाने, म्हणजे माझ्या बायकोने, टेबलाखालून मला असा चिमटा काढला की हसू तिथल्या तिथे विरलं.

"डॉक्टर, मी गुरव," मी म्हटलं. "गावच्या महादेवाची पूजा आमच्या घराण्याकडे. परसाकडे जाऊन आलं की डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय गाभाऱ्यात पाय ठेवायचा नाही, ही आमची रीत. म्हणजे दिवसाला दहा आंघोळी. तुम्ही मला बरं करताय की विहिरीत ढकलताय?"

डॉक्टरीण मनापासून हसली. सुलोचना काही हसली नाही.

याला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा चोपन्न वर्षांचा होतो. त्याच्या सात महिने आधी, गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात, आतड्याच्या अगदी खालच्या टोकाला झालेली कॅन्सरची गाठ काढून टोकं जोडली होती. ती शिवण भरून यावी म्हणून वरचं लहान आतडं उजव्या बाजूने पोटाबाहेर काढून तिथे पिशवी चिकटवलेली. जे काही जायचं ते त्या पिशवीत. तीन-चार महिन्यांचाच प्रश्न, असं सांगितलं होतं. मग मधे औषधांचे डोस आले आणि सात महिने झाले. आता शिवण भरली होती. पिशवी काढून आतडं परत आत ढकलायचं का, एवढंच ठरायचं होतं.

"करायलाच हवं असं नाही," केणीबाई म्हणाल्या. "तुमची शिवण फार खाली आहे, म्हणून सांगतेय. पिशवी ठेवून माणसं जन्म काढतात. फक्त अंगातलं पाणी आणि मीठ कमी पडू द्यायचं नाही, आणि वर्षातून एकदा मला तोंड दाखवायचं."

"मिठाची पेज चालेल?"

"पेजेसारखं दुसरं औषध नाही. दोन्ही रस्ते बरोबर आहेत, काका. घाई नको. महिन्याभरात कळवा."

दोन्ही रस्ते बरोबर! माझं डोकंच फिरलं. एवढं शिकून डॉक्टर व्हायचं आणि शेवटी हे सांगायचं? एक तरी चूक म्हणा, म्हणजे माणूस दुसऱ्याने जाईल.

परतीच्या गाडीत सुलोचना खिडकीकडची जागा मला देऊन बसली. बांदा गाव मागे पडल्यावर हळूच म्हणाली, "काढून टाका."

"आणि धा येळा?"

"धा तर धा. मी पाणी तापवन देतंय. पण पयल्यासारखे व्हा."

"आता काय झालाहा माका?"

 पिशवीला तिने पहिल्या आठवड्यातच नाव ठेवलं होतं, पावणो. 'पावण्याचा पोट भरला काय बघा,' 'पावणो आज गप आसा.' बदलायला शिकली तीही माझ्याआधी. सिस्टरने एकदा दाखवलं आणि हिने दुसऱ्यांदा तिच्यासमोर करून दाखवलं. किळस म्हणून कधी चेहऱ्यावर आली नाही. तरी तिचं म्हणणं एकच, पावणो कितीही बरो असलो तरी पावणोच. त्याने आता जावं.

मलाही तो जायला हवा होता. पण कारण वेगळं होतं, ते तिला ठाऊक होतं की नाही कुणास ठाऊक.

हॉस्पिटलातून घरी आल्यावर पहिल्या सोमवारी मी न्हाऊन, धोतर नेसून देवळात गेलो होतो. सभामंडप ओलांडला, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आलो आणि पाय अडला. आत महादेव आणि माझ्या पोटावर ही पिशवी. कसा जाऊ? आत माझा चुलतभाऊ नारू पूजा करत होता. त्याने मान वर करून पाहिलं. तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. मागे वळलो आणि सभामंडपातल्या डाव्या खांबाला टेकून बसलो. त्या दिवसापासून तीच माझी जागा झाली.

खांबाशी बसून मी काय केलं म्हणाल, तर सात महिने नारूच्या पूजेच्या चुका मोजल्या. पोरगा तसा वाईट नाही. पस्तिशीचा, बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान. पण सगळं घाईत. पिंडी पुसतो ती काच पुसल्यासारखी. निर्माल्य काढतो, त्यात दोन पानं राहतात. मला दिसायचं, जिभेच्या टोकापर्यंत यायचं आणि मी ते गिळायचो. ज्याने स्वतः बाहेर बसायचं, त्याने आतल्याला काय शिकवायचं? एरवी मी चूक दिसली की भटजींनाही सोडणारा नव्हे. गाव मला माझ्या तोंडासाठीच ओळखतं. पण त्या सात महिन्यांत माझा आवाज देवळात कुणी ऐकला नाही.

तेव्हा पिशवी काढावी, हे उघड होतं. पण 'दहा' म्हणजे काय, ते डॉक्टरणीपेक्षा मला जास्त ठाऊक होतं. गाठ सापडण्याआधी दोन वर्षं मी तेच भोगलं होतं. कुणाला सांगितलं नाही, हा माझा मूर्खपणा. आमच्या देवळात अभिषेकाला टांगलेलं पात्र नसतं. गुरवाने कलश हातात धरून पिंडीवर धार धरायची. एक कलश संपत आला की दुसरा पुढे करायचा. भटजींची आवर्तनं संपेपर्यंत, चांगला सव्वा तास, धार तुटू द्यायची नाही. माझ्या बापाने चाळीस वर्षांत एकदाही तोडली नव्हती. मी तोडली. भर शिवरात्रीला, सगळा गाव मंडपात असताना, कलश नारूच्या हातात कोंबून मी धोतर सावरत पळालो होतो. घरी सांगितलं, रताळी बाधली.

काढली तर परत ते पळणं. ठेवली तर जन्मभर खांब. असा मी दोन्हीकडून अडकलो होतो.

तीन आठवडे गेले. माझा काही निर्णय होईना. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारच्या आदल्या संध्याकाळी सुलोचना नारळ खवता खवता म्हणाली, "सगळ्या गावाचे कौल लायलात. आता आपलो एक लावन घेवा."

आमच्याकडे अडलेली गोष्ट देवाला विचारतात. पिंडीशेजारच्या देवाच्या पाषाणाला तांबड्या फुलाचे दोन कळे पाण्याने चिकटवायचे, एक उजवीकडे, एक डावीकडे. गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्यांदेखत देवाला प्रश्न सांगायचा. मग वाट बघायची. पाणी सुकत जातं आणि एक कळा आधी गळतो. तो देवाचा कौल. कुणाची सोयरीक, कुणाची विहीर, कुणाची कोर्टातली केस, माझ्या हाताने शेकडो कौल लागले असतील. पण गुरवाने स्वतःचा कौल स्वतः लावायचा नाही, असा आमच्या गावचा नियम. लावणार नारू.

"नारू लावतलो?" मी म्हटलं. "तेका कळे खंयचे ता तरी ठावक आसा?"

"तेचा तो बघित. तुमी खांबाकडे बसा," ती म्हणाली. ते मला लागलं.

सोमवारी सकाळी भटजी अभिषेकाच्या तयारीने आले होते, पण कौल आधी असं ठरलं. गावचे मुख्य मानकरी तात्या सावंत काठी टेकत आले. ब्याऐंशी वर्षांचे, कानाने थोडे कमी, बाकी सगळं शाबूत. वीस-पंचवीस माणसं जमली. बायकांच्या बाजूला सुलोचना होती. मी माझ्या खांबाशी.

नारूने कळे लावले. हात जोडले आणि दुकानात बोलतो त्याच्या दुप्पट आवाजात सुरू झाला, "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"ह्यो तुझो सेवक विश्राम गुरव, आज तुझ्या पायाकडे इलो आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या पोटार जी पिशवी आसा, ती काढूक सांगतंस तर उजवो दी, ठेवूक सांगतंस तर डावो दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझ्या पोटाची गोष्ट अशी पंचवीस माणसांनी होकार देऊन देवाच्या कानावर घातली. मान खाली घालून बसावं तर तात्या माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होते.

मग वाट बघणं सुरू झालं. दहा मिनिटं गेली. वीस झाली. एकही कळा हलेना. भटजींनी दोनदा घड्याळ पाहिलं. पाऊण तास झाला. बायकांत कुजबुज सुरू झाली. "देव विचार करता," कुणीतरी म्हणालं. "कठीण प्रश्न आसा," दुसरं म्हणालं.  पाऊण तास कळे धरून ठेवलेले मी कधी पाहिले नव्हते. देवाला माझं तोंडच बघायचं नाही की काय, असं मनात आलं आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

तेवढ्यात नारूने समई जरा पुढे सरकवली. उजेड पाषाणावर पडला आणि मला कळ्यांच्या कडेला पिवळसर कड दिसली. चाळीस वर्षं ज्याने कळे लावले, त्याला ते खांबापासून काय, वेशीपासून दिसलं असतं.

"नारबा!" मी ओरडलो. "गंध लायलंस? गंधान चिकटवलंस कळे?"

नारू दचकला. "दादा, पाण्यान ऱ्हवत नाय हुते. सारखे पडा हुते. म्हटला, वायच गंध..."

"वायच गंध! मेल्या, ह्यो कौल आसा काय पोस्टाचा तिकीट? पुढच्या श्रावणापर्यंत पडूचे नाय ते! देव काय कपाळ हापटीत? सर! सर बाजूक! फडको खंय आसा? हेका फडको म्हणतत? ह्या तर तुझ्या दुकानातला मोबाइल पुसूचा चिरगूट! आनी ह्या निर्माल्य? सात म्हयने बघतंय मी, सात म्हयने, दोन पाना रोज ऱ्हवतत! दिसत नाय तुका?"

बोलता बोलता मी कळे काढले. पाषाण ओल्या हाताने स्वच्छ पुसला. खाली सुकत चाललेलं गंध नखाने खरवडलं. पिंडीच्या मागची दोन बेलपानं काढून नारूच्या हातात दिली. ती देताना मला त्याचे डोळे दिसले. ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या पायांकडे बघत होते.

मी खाली पाहिलं. मी गाभाऱ्यात उभा होतो.

 माझा एक हात पिंडीवर होता, तो तसाच राहिला. दगड गार होता. सात महिन्यांत पहिल्यांदा मी त्याला शिवलो होतो आणि खरं सांगायचं तर मला रडू कोसळलं. हात काढवेना आणि ठेववेनाही.

"चुकला माझा," मी पुटपुटलो आणि बाहेर निघालो.

"खंय चललंस रे?" तात्यांनी काठी आडवी केली.

"भायर, तात्यानू. पिशवी आसा माझ्या अंगार. रागाच्या भरात..."

"तुका भायर बस म्हणान कोणी सांगितल्यान?"

मी आठवायला लागलो. कुणी बरं सांगितलं होतं?

"नारबा, तू सांगितलंस?" तात्यांनी विचारलं.

"मी कित्याक सांगतलंय?" नारू म्हणाला. "माका वाटला, दादाक बरा नाय, खांबाकडे बसान वाऱ्यार बरा वाटता तेका."

"भटजीनू, तुमी?"

भटजींनी मान हलवली. "मी म्हटलं, यांच्या घराण्याची काही रीत असेल."

तात्या काठीवर दोन्ही हात ठेवून पुढे झाले. "म्हणजे हेणी सोताच सोताक भायर बसयल्यान आनी आमी सगळे बघीत ऱ्हवलंव. इसरामा, आयक. जा तुझ्या पिशयेत आसा, ता हय उभ्या असलेल्या सगळ्यांच्या पोटात आसा. माझ्या आसा, भटजींच्याव आसा. ता घेवनच आमी जल्मभर देवाफुडे उभे ऱ्हवतंव. तुझा तेवढा बांधलेला आसा, म्हणान तू भायर?"

भटजी खोकले. कुणीतरी बायकांतून फिसकन हसलं, आणि मग सगळा मंडपच हसला.

"आता न्हावन ये," तात्या म्हणाले, "आनी धार धर. ह्या नारबाच्या हातची धार भिंतीर जाता."

नारूने मान डोलावली. त्याला वाईट वाटलं नाही. खरं तर सुटल्यासारखा चेहरा झाला होता बिचाऱ्याचा.

मी देवळामागे गेलो. पिशवी रिकामी केली. विहिरीचं पाणी काढलं आणि डोक्यावरून दोन घागरी ओतल्या. पावणा गप्प होता. पूजा होईपर्यंत गुरव उपाशीच असतो, तेव्हा त्यालाही काम नव्हतं. ओलेत्याने आलो, धोतर वर बांधून घेतलं आणि उंबरा ओलांडला. या खेपेला बघून ओलांडला.

भटजींनी सुरू केलं. मी कलश उचलला. पहिली दहा मिनिटं माझं लक्ष मंत्राकडे नव्हतं, पोटाकडे होतं. सवयच तशी लागली होती. दोन वर्षं प्रत्येक अभिषेकाला मी धारेपेक्षा पोटाचा अंदाज घेत उभा असायचो. कधी कळ येते, दार किती पावलांवर आहे. पण काही येईना. पोट शांत. मधे एकदा पिशवीतून चांगलं ऐकू जाईल असं 'गुडगुड' झालं. भटजींचा एक डोळा उघडला. नारूने ओठ चावले. मी धार हलू दिली नाही. हळूहळू पोटाचा विसर पडला. पाणी पिंडीवर पडताना जो आवाज होतो तो ऐकू यायला लागला. तो मी तीन वर्षांत ऐकला नव्हता, हे तेव्हा कळलं. कलश संपला, नारूने दुसरा दिला, मग तिसरा. सव्वा तास गेला. धार तुटली नाही.

आरती झाल्यावर नारू जवळ आला. "दादा, मगे कौल परत लावया? ह्या येळी नुसत्या पाण्यान लावतंय, देवाशपथ."

"कसलो कौल?" मी म्हटलं. "फडको धू आधी."

घरी आलो तेव्हा सुलोचना आधीच पोचली होती. चुलीवर पेज होती. तिने वाडगा पुढ्यात ठेवला, वर मीठ घातलं आणि समोर बसली. मी दोन घोट घेतले. मला सांगायचं होतं की मी काय ठरवलंय, पण ती नाराज होईल म्हणून शब्द जुळवत होतो. गाडीत ती काय म्हणाली होती ते मी विसरलो नव्हतो.

"तू म्हणालंस, पयल्यासारखे व्हा," मी सुरू केलं. "पण ता पिशवी काढून..."

"आज तुमी नारबावर वरडलात," ती मधेच म्हणाली.

"व्हय. वायच जास्तच..."

"सात म्हयन्यांनी वरडलात." तिने पदराने डोळे पुसले, पण तोंडावर हसू होतं. "पोस्टाचा तिकीट म्हणे! माका वाटला हुता, तो आवाज त्या डाक्तरांनी गाठीबरोबरच काढल्यानी. पिशयेचा माका कायएक नाय हो. माका तुमी गप बसलेले नको हुते."

 मी पेजेचा आणखी एक घोट घेतला.

"मगे?" तिने विचारलं. "पावणो ऱ्हवता काय जाता?"

"ऱ्हवता."

तिने वाडग्यात पाहिलं, चिमूटभर मीठ अजून टाकलं. मग उठून हात धुतले, फळीवरचा फोन घेतला आणि पिशव्या पाठवणाऱ्या दुकानाचा नंबर लावला. दर वेळी आम्ही एका महिन्याच्याच मागवत असू, उगाच उरायला नकोत म्हणून. पलीकडच्या मुलीने नेहमीप्रमाणे विचारलं असावं.

"नको, महिन्याच्या नको," सुलोचना तिला आपल्या शहरी मराठीत म्हणाली. "वर्षाच्या पाठवा."